व्हॉल्व खराब, मग कप्पा कसा काय वाढला?

प्रश्न : माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे, पहिलटकरीण, सहावा महिना चालूय. जिना चढला की दम लागायचा तर घरातले म्हणाले दिवसांत होतंच असं. आता रात्री आडवं झालं तरी श्वास कोंडतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर माइट्रल व्हॉल्व आकसलाय आणि हृदयाचा वरचा डावा कप्पा मोठा झालाय असं निघालं. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आलेला. व्हॉल्व खराब आहे तर कप्पा का वाढला?
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, लहानपणचा ताप सांगितलात ते फार बरं केलंत, डॉक्टरांनाही नक्की सांगा. घशाच्या एका जंतुसंसर्गानंतर काही मुलांना असा संधिवाताचा ताप येतो, सांधे बरे होतात पण व्हॉल्वला सूज येऊन गेलेली असते आणि मग वर्षानुवर्षं त्याच्या पाकळ्या, म्हणजे उघडझाप करणारे पडदे, जाड होत, कडांना चिकटत जातात. माइट्रल हा वरच्या आणि खालच्या डाव्या कप्प्यांमधला व्हॉल्व, त्याला पाकळ्या दोनच, बाकी तिन्ही व्हॉल्वना तीन-तीन. तो नीट उघडला की ४ ते ६ चौरस सेंटिमीटर वाट मिळते, दीड किंवा त्याखाली गेली की आजार गंभीर.

आता कप्प्याचं. खालचा डावा कप्पा अख्ख्या शरीरात रक्त ढकलतो म्हणून त्याची भिंत जाड, उजव्याच्या साधारण तिप्पट. वरच्याला फक्त खाली रक्त सोडायचं असतं, त्याची भिंत पातळ, त्यामुळे पुढची वाट अरुंद झाली की रक्त तुंबतं, भिंत ताणते आणि कप्पा फुगतो. त्याच्याही मागे फुफ्फुसं, तिथे दाब वाढला की आडवं पडल्यावर कोंडतं. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात, म्हणजे रक्त जास्त आणि खाली उतरायला वेळ कमी, म्हणून इतकी वर्षं न जाणवलेलं आत्ता वर आलं.

बऱ्याचदा ठोके कमी करायच्या आणि लघवीच्या गोळ्यांनी आराम पडतो. नाहीच पडला आणि व्हॉल्व त्यासाठी योग्य असला तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन पाकळ्या मोकळ्या करतात, गरज पडली तर गरोदरपणातही करतात. पेनिसिलिनचं दर तीन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सांगितलं असेल तर पोटात बाळ आहे म्हणून बंद करू नका, ॲलर्जी नसेल तर ते चालतं. आणि बाळंतपण हृदयाचे डॉक्टर असलेल्या मोठ्या हॉस्पिटलातच करा, कारण बाळ झाल्याझाल्या बरंच रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि पहिले एक-दोन दिवस नीट लक्ष ठेवावं लागतं. मध्येच धडधड वाढली, खोकल्यातून गुलाबी फेस आला किंवा बसूनही दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच इमर्जन्सीत न्या.