कार्बन तंतूंवरचा सिरॅमिक थर: ‘वाफेचा लेप’ म्हणावे का?

ऐरोलीतील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, कार्बन तंतूंवर वायूतून सिलिकॉन कार्बाइडचा संरक्षक थर चढवतात, त्या क्रियेला मराठीत ‘वाफेचा लेप’ म्हटले तर चालेल का.

माझ्या मते म्हणू नये. लेप आधीच कालवून तयार असतो आणि बाहेरून लावला जातो. कल्हईतले कथीलही भांड्यावर चढण्यापूर्वी कथीलच असते. इथे मात्र थराचा पदार्थ आधी अस्तित्वातच नसतो. मिथिलट्रायक्लोरोसिलेन या द्रवाची वाफ हायड्रोजनसोबत सुमारे १००० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून अधिक तापलेल्या भट्टीत सोडली, की तिचे रेणू फुटतात, तंतूच्या पृष्ठभागावर सिलिकॉन कार्बाइड जमू लागते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो. म्हणून ‘वाफ गोठते’ असेही लिहू नये.

‘रासायनिक बाष्पनिक्षेपण’ (केमिकल व्हेपर डिपॉझिशन; निक्षेपण म्हणजे थर जमणे) ही संज्ञा योग्य आहे, मात्र समास जोडूनच लिहावा. ‘रासायनिक बाष्प निक्षेपण’ असे तोडले की विशेषण बाष्पाला चिकटते. वास्तविक रासायनिक आहे ते निक्षेपण. ‘सिरॅमिक’ तसेच ठेवावे, कारण सिलिकॉन कार्बाइडमध्ये माती नसल्याने ‘मृत्तिका’ हा पर्याय दिशाभूल करतो.

वाक्यातले क्रियापद मात्र साधे हवे. ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या कारखानदारीच्या भागात ‘कोटिंग धरत नाही’ हे सहज कळते, आणि हे ‘धरणे’ इथेही नेमके बसते. कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे प्रसरण सारखे नसल्यामुळे भट्टी निवताना धरलेल्या थराला बारीक तडे जाऊ शकतात. त्यांतून प्राणवायू आत शिरला, तर हवेत सुमारे ४०० ते ५०० अंशांपासूनच झिजू लागणारा कार्बन उघडा पडतो.

‘धागा’ आणि ‘तंतू’ यांचीही गल्लत टाळावी. एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचा असतो. असे ३०००, ६००० किंवा १२००० तंतू पीळ न देता एकत्र ठेवलेले असतात. पेडाला पीळ असतो, म्हणून या समूहाला ‘धागा’ किंवा ‘पेड’ न म्हणता ‘जुडगा’ म्हणणे मला अधिक पटते. भट्टी फार तापवली तर वायू आत पोहोचण्याआधीच बाहेरचे तंतू थर धरून एकमेकांना चिकटतात. तेव्हा ‘जुडग्यावर थर बसला’ हे वाक्य खरे ठरते, ‘तंतूंवर थर बसला’ हे ठरत नाही.