पॉलिश फुकट करून देतो म्हणणारा

अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे जुनी कोल्ट ऑफिशियल पोलीस रिव्हॉल्व्हर आली हे तुझ्या पत्रात वाचून बरं वाटलं आणि त्याच्या पुढच्याच ओळीने पोटात गोळा आला. 'एक जण आठवड्यात दुरुस्त करून देतो म्हणतो, वर पॉलिश आणि ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा लेप, फुकट.' त्याला अजून होकार दिला नसशील तर देऊ नकोस.

हे फुकटचं पॉलिश मला एकदा महाग पडलंय. माझी पहिली स्मिथ अँड वेसन घेतली तेव्हा तिचा चाप जड होता, बाकी सगळं मूळचं. ज्याच्याकडे दिली त्याने चाप सुधारला, आणि खोटं कशाला बोलू, छान सुधारला. पण रिव्हॉल्व्हर परत आली ती आरशासारखी चकाकत. भिंग घेऊन बसलो. नळीवरची अक्षरं वापरून झिजलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत झाली होती. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. साइडप्लेटची, म्हणजे आतली यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या पत्र्याची सांधरेघ, जी कारखान्यातून केसासारखी बारीक येते आणि नीट न्याहाळल्याशिवाय सापडत नाही, ती हातभर अंतरावरून दिसत होती. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला वस्तू जुनी दिसली, त्याने ती नवी करून दिली. संग्राहकाला नेमकं तेच नको असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. घोडा अगदी सावकाश मागे ओढला की सहापैकी दोन कप्प्यांच्या वेळी घोडा मागे अडकून राहतो, पण सिलिंडर, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्यांचा फिरता भाग, टक करून जागेवर बसत नाही, बोटाने किंचित पुढे लोटावं लागतं, असं लिहिलं आहेस. याला टायमिंग गेलं म्हणतात. जुन्या कोल्टचं हे नेहमीचंच. त्या बनावटीत सिलिंडर फिरवणारा जो भाग असतो, ज्याला हँड म्हणतात, तो सिलिंडर जागेवर पोचल्यावरही त्याला रेटत राहतो. त्यामुळे चाप पूर्ण दाबून धरला की सिलिंडर तसूभरही हलत नाही. 1927 ची तुझी ऑफिशियल पोलीस काय आणि 1955 ला आलेली पायथन काय, चाल तीच. कोल्टवाले ज्या घट्टपणाचं कौतुक करतात त्याची किंमत हँडचं टोक झिजून मोजतं. स्मिथ अँड वेसनमध्ये त्याच क्षणी सिलिंडर जरासं हलणं ठरलेलंच असतं. कोल्टचं सिलिंडर मागून पाहिलं तर उजवीकडे फिरतं, स्मिथचं डावीकडे. दोन घराणीच वेगळी.

हे एवढं सांगितलं ते तू स्वतः उघडून बसावंस म्हणून नाही. कारागिराला विचारायचा प्रश्न यातूनच निघतो: 'जुन्या कोल्टच्या हँडचं तुम्ही काय करता?' जाणकार असेल तर लगेच उत्तर देणार नाही, उलट तुलाच विचारेल. कोणते कप्पे? आधी कुणी उघडली होती का? हँड पूर्वी ठोकून लांबवलाय का? कारण हँड किंचित ठोकून लांबवणं हा जुना उपाय आहे, पण तो पुन्हा पुन्हा करता येत नाही, आणि नवा हँड बसवायचा तर तो घासून घासून त्याच रिव्हॉल्व्हरच्या मापाचा करावा लागतो. 'स्प्रिंग बदलून टाकू' एवढंच उत्तर आलं तर आभार मानून ऊठ. आणि कुणी म्हणालं, 'माझा हात स्मिथवर बसलाय, कोल्टसाठी दुसऱ्याकडे जा,' तर त्याचं नाव जपून ठेव. पुढेमागे स्मिथ घेशीलच.

असा माणूस शोधायचा कुठे? तुझ्याच मॉडेलचे जे संग्राहक असतील त्यांना विचार, पण 'चांगला कोण?' असं नको. त्याला शेजारी, मेहुणा, कुणाचंही नाव येतं. 'दुसऱ्यांदा कोणाकडे गेलात?' असं विचार. एखाद्याकडे चार-सहा महिने थांबावं लागेल असं कळलं तर नाराज होऊ नकोस. मला तर आठवड्याच्या वायद्याचीच जास्त भीती वाटते.

कारागिराच्या दुकानात पाऊल ठेवलंस की आधी त्याचे पेचकस बघ. साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, जोर लावला की खाचेतून वर सरकतं आणि खाचेचे ओठ फाडतं. बंदुकीच्या कामाला पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासलेल्या लागतात आणि प्रत्येक खाचेच्या मापाचं पातं वेगळं. मग सहज विचार, साइडप्लेट कशी काढता? स्क्रू काढून पेचकसाच्या लाकडी मुठीने फ्रेमवर हलके ठोके द्यायचे, प्लेट हादऱ्याने आपोआप वर येते. फटीत काहीतरी घालून उचकटण्याची गोष्ट निघाली, की बोलणं तिथेच संपलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुझा परवाना आणि त्याचाही परवाना, दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय शस्त्र हातातून सोडायचं नाही. दुरुस्तीला कसं द्यायचं, पाठवता येतं की स्वतःच न्यावं लागतं, हे नियम देशागणिक बदलतात. परवाना देणाऱ्या कार्यालयातच विचार. 'कागदाचं नंतर बघू' म्हणणारा कितीही गुणी असो, नको. पावतीवर रिव्हॉल्व्हरचा नंबर हवा आणि त्याखाली तुझ्या शब्दांत लिहून घे: पॉलिश नाही, ब्लूइंग नाही, बाहेरून घासणं नाही, काढलेला प्रत्येक भाग पाकिटात परत. झिजलेला हँडसुद्धा. मूळ भाग त्या रिव्हॉल्व्हरच्या चरित्राचा भाग आहे, उद्या तू ती विकलीस तर घेणारा तो मागेल. जमलं तर कोल्ट कंपनीच्या जुन्या दप्तरातून त्या नंबरावरचं पत्रही मागवून ठेव. ती कधी आणि कुठे रवाना झाली, मूळ फिनिश कोणतं, हे त्यात मिळतं. मग ब्लूइंगबद्दल कुणी काही पटवायला लागलं तर पत्र पुढे करायचं.

काम होईपर्यंत ती चालवू नकोस, 'चार कप्पे तर ठीक आहेत' असं म्हणूनसुद्धा नाही. कप्पा नळीसमोर सरळ आला नाही तर गोळीचं शिसं कडेवर तासलं जातं आणि मधल्या फटीतून बाजूला उडतं. शेजारी उभा असलेल्याच्या डोळ्याची कल्पना कर. आणि तिला त्या देखण्या कातडी म्यानात ठेवू नकोस, कातडं ओल धरून ठेवतं आणि खाली बारीक खड्डे पडतात. कोरडं कापड, तेलाचा पुसट हात, बस.

सिलिंडर रिकामं आहे हे दोनदा बघून चार फोटो पाठव: दोन्ही बाजू, नंबर आणि साइडप्लेटच्या स्क्रूंचा अगदी जवळून. त्या खाचा बघितल्या की ती याआधी कुणाच्या हातात पडली होती ते मला कळेल, मग कोणाकडे जायचं ते ठरवू.

कळावे.