वर्षाचे पैसे आगाऊ घेतले, नेटचा मात्र पत्ता नाही

प्रश्न : मी खेड्यात राहते. घरी बसून ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांचा मजकूर टाइप करून देण्याचं काम करते. आठ महिन्यांपूर्वी '१०० एमबीपीएस, अखंड सेवा' अशी जाहिरात पाहून फायबर जोडणी घेतली आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरले. संध्याकाळी सातनंतर साधं पान उघडत नाही. पावसाळ्यात तर बॉक्सवरचा लाल दिवा सलग नऊ दिवस लुकलुकत होता. त्या नऊ दिवसांत काम वेळेवर देता आलं नाही आणि ते हातचं गेलं. जोडणी देणारा केबलवाला म्हणतो, 'लाइन कंपनीची आहे'. कंपनी म्हणते, 'फ्रँचायझीला विचारा'. फॉर्मवर लिहिलंय की वाद लवादाकडेच (कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याकडे) जाईल, तोही दूरच्या शहरात. इंटरनेट हा मूलभूत हक्क आहे असं ऐकलं. हायकोर्टात जाता येईल का? की राउटर परत करून पैसे सोडून द्यावेत?

उत्तर : ताई, पैसे सोडू नका. तुम्ही सहज लिहून गेलात तो लाल दिवा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा ठरू शकतो. बॉक्सवर 'एलओएस' असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकतो, तेव्हा फायबरमधून येणारा प्रकाशाचा सिग्नल बॉक्सपर्यंत पोहोचतच नसतो. म्हणजे दोष लॅपटॉपचा नाही, वायफायचाही नाही. घरात आलेली बारीक फायबर वायर कुठे दुमडलेली किंवा उंदराने कुरतडलेली नाही ना, एवढं बघून घ्या. ती धड असेल तर बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये आहे आणि ती दुरुस्त करणं त्यांचं काम आहे. पुन्हा दिवा लागला की तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत ती माहिती बऱ्याचदा उरत नाही.

आता हायकोर्टाचं. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन निकालात इंटरनेटवरून बोलण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण आहे असं सांगितलं. केरळ उच्च न्यायालयाने त्याआधी, २०१९मध्ये, इंटरनेट वापरणं शिक्षणाच्या हक्काशी जोडलं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे निकाल मोलाचे आहेत, पण तुमची जोडणी त्यांनी सुधारणार नाही. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचे असतात. तुमचं भांडण पैसे घेऊन सेवा न देणाऱ्या कंपनीशी आहे, आणि त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग तुम्हाला हायकोर्टापेक्षा कितीतरी जवळचा आणि स्वस्त आहे.

'टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत' असं तुम्हाला कुणीतरी ठासून सांगेल. २००९च्या एका निकालामुळे बरीच वर्षं तसं म्हटलं जायचं आणि अनेकांच्या तक्रारी त्यावर फेटाळल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया प्रकरणात तो प्रश्न ग्राहकांच्या बाजूने मिटवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या 'सेवा' या व्याख्येत तर 'टेलिकॉम' हा शब्दच आहे.

लवादाच्या कलमाने घाबरून जाऊ नका. फॉर्मवर लवाद लिहिलेला असला तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८मध्येच ठरलं आहे. शहराचं म्हणाल, तर २०१९च्या कायद्याच्या कलम ३४ने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. खेड्यातल्या ग्राहकाच्या दृष्टीने या कायद्यातली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे असं मी मानतो. पूर्वी कंपनीचं कार्यालय किंवा शाखा शोधत जावं लागायचं, आणि तिथेच माणूस हरायचा.

केबलवाला की कंपनी, हे तुम्ही ठरवत बसू नका. तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. पावती कोणाच्या नावाने आहे, पैसे कोणाच्या खात्यात गेले, ॲपमध्ये कोणाचं नाव दिसतं, ते कागद जोडा. स्वतःच्या नावाने फ्रँचायझी नेमून ग्राहक मिळवायचे आणि तक्रार आली की हात वर करायचे, हे आयोगापुढे टिकणं कठीण आहे.

कंपनीचा खरा बचाव वेगळा असेल. ते म्हणतील, बाई या जोडणीवर धंदा करत होत्या, म्हणजे 'व्यावसायिक हेतू', म्हणून त्या ग्राहकच नाहीत. इथे सावध राहा. तुमचा प्लॅन घरगुती आहे का, हे बिलावर बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या प्रकरणात मुख्य हेतू काय होता, हे पाहायला सांगितलं. घरात मुलं त्याच जोडणीवर अभ्यास करत असतील, घरच्यांचे व्यवहार होत असतील, तर तक्रारीत ते खरं तसं लिहा. कामाची गोष्ट लपवू नका. एकटीने पोटापाण्यासाठी केलेलं काम आणि नफ्यासाठी चालवलेला उद्योग यांत फरक आहे, हे ठामपणे मांडा.

बुडालेल्या कामाच्या भरपाईबद्दल मात्र मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. सेवा न मिळालेल्या काळाचे पैसे आणि मनस्तापाची काही रक्कम मिळण्याची शक्यता चांगली आहे. काम गेल्याचं नुकसान सिद्ध करणं अवघड आहे. करार कायद्याच्या कलम ७३नुसार दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. जोडणी घेताना किंवा नंतर 'माझं काम याच्यावर आहे' असं तुम्ही त्यांना कधी कळवलं होतं का? एखादा व्हॉट्सॲप मेसेज असला तरी शोधून काढा. काम देणाऱ्याचा 'मुदत चुकली म्हणून काम थांबवत आहोत' असा ईमेल हवा. त्या नऊ दिवसांत मोबाइलच्या नेटवरून किंवा शेजारी बसून काम करायचा प्रयत्न केला असेल तर तेही लिहा, कारण नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत हे विचारलं जातंच.

आयोगाकडे जाण्याआधी दोन पायऱ्या चढा. कस्टमर केअरला केलेल्या प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक (नोंद क्रमांक) मागा. फोनवरचं 'होऊन जाईल मॅडम' कागदावर शून्य असतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण; त्याच्या २०१२च्या नियमांनुसार तक्रार केंद्राकडून समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येतं आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. फायबरचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट देण्याची तरतूदही ट्रायच्या नियमांत आहे. तुमचे तर नऊ दिवस गेले, तेव्हा ती सूट नाव घेऊन मागा. एक लक्षात ठेवा, ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. काही कंपन्या तिथूनच हलतात.

संध्याकाळच्या वेगाचा पुरावा आजपासून जमवा. पंधरा दिवस रोज सकाळी एकदा आणि रात्री आठला एकदा लॅपटॉप केबलने थेट बॉक्सला जोडून वेग तपासा आणि स्क्रीनशॉट ठेवा. वायफायवर घेतलेली चाचणी कंपनी लगेच उडवून लावते. बारीक अक्षरात '१०० एमबीपीएसपर्यंत' लिहिलंय असं ते म्हणतील. पण केंद्र सरकारने २०२३पासून ब्रॉडबँडसाठी किमान २ एमबीपीएस ठरवले आहेत. तुमची जोडणी रात्री त्याच्याही खाली जात असेल तर 'पर्यंत' या शब्दामागे लपता येणार नाही. शिवाय 'अखंड सेवा' हे शब्द त्यांचेच आहेत. जाहिरातीचं ते पत्रक जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागेल. त्याचा नमुना वकील किंवा ग्राहक संघटना देईल.

मग पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. भाषा साधी ठेवा : अमुक तारखांना सेवा बंद होती, डॉकेट क्रमांक हे, उरलेल्या काळाचे आणि बंद दिवसांचे पैसे परत करा, नाहीतर जिल्हा आयोगात जाईन. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि सुनावणी व्हिडिओवर घेण्याची विनंती करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, पण पुरावे ताजे असतानाच करा.

तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटचं, म्हणजे गावांना जोडणाऱ्या सरकारी योजनेचं, फायबर आलं आहे का आणि ते चालू आहे का, हे माहिती अधिकारात ग्रामपंचायतीकडे जरूर विचारा. तो लढा गावाचा आहे, या तक्रारीत मिसळू नका.

राउटर आत्ता उचलून देऊ नका. पंधरा दिवसांच्या नोंदी आधी पूर्ण होऊ द्या. जोडणी बंद करायची ठरली तर आधी लेखी कळवा, राउटर आणि बॉक्सवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि परत करताना सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच मिळेपर्यंत वस्तू हातातून सोडू नका.