फर्मान मऊ आवाजात वाचणारा युवराज

ताई, नमस्कार.
मी ३७ वर्षांचा आहे. सांगलीत आमची हळदीची अडत पेढी आहे. मी आठ वर्षांचा असताना थोरल्या चुलत्यांनी मला दत्तक घेतलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा कडक आहेत, मोजकं बोलतात, पेढीवर त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळेच. चुलत भावांचा पेढीवर डोळा आहे, पण ते असो.
गेली तीन वर्षं रात्री जागून मी एक कादंबरी लिहितोय, काल्पनिक राज्यातली. राजा रुद्रकेतू शेजारची राज्यं एकेक करून गिळतो, त्याला कशाचं सुखदुःख नाही. त्याचा दत्तक युवराज अमोघ प्रत्येक आज्ञा पाळतो आणि आतून जळतो. त्याचं दुःख समजणारा एकच जीव, त्याचा घोडा पारवा. जमतील तसे भाग प्रसिद्ध करतो. वाचकांत आता दोन तट पडलेत. काहींना युवराजाने बंड करायला हवंय, काहींना राजाचं मन वितळायला हवंय. दोन्ही लिहून पाहिलं, हात पुढे जात नाही. जूनपासून तर एक ओळ झालेली नाही. जूनमध्ये घरी जरा गडबड होती. बायकोला कोल्हापूरच्या एका कॉलेजात नोकरी लागत होती, अण्णांना पसंत नव्हतं, मग मी तिला समजावलं आणि विषय मिटला. तरी लिखाण काही सुरू होत नाही. शेवट काय करू?
आपला, अर्धवट लेखक

अर्धवट लेखका,

तुझी कादंबरी जूनमध्ये थांबली आणि बायकोची नोकरीही जूनमध्येच थांबली. हे दोन्ही तूच मला एका दमात लिहून कळवलंस, आणि वर विचारतोस की शेवट काय करू. अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. पत्र वाचून तुला अहोजाहो करायची इच्छाच राहिली नाही.

सोबत पाठवलेले भाग मी वाचले. राजा झकास उतरलाय. मोहिमेवरून परत आल्यावर युवराज गुडघ्यावर बसून त्याचे चिखलाचे जोडे काढतोय आणि राजा मात्र वरच्या वर जिंकलेल्या गडांची निशाणं मोजतोय, तो प्रसंग मला आवडला. हा राजा वितळवायच्या भानगडीत पडू नकोस. सत्तेशिवाय दुसरं काही न दिसणारी माणसं असतात आणि ती तशीच मरतात. कथेत एक मात्र होतं, असा थंड राजा लेखकाच्या फार सोयीचा असतो. सगळं पाप त्याच्या खात्यावर टाकता येतं.

माझी तक्रार युवराजाबद्दल आहे. अठरावा भाग काढून परत वाच. खिंडीतलं गाव राजाला किल्ल्यासाठी हवंय. अमोघ स्वतः जातो, पारावर बसतो, एका म्हातारीने दिलेलं ताक पितो. मग फर्मान काढतो आणि मऊ आवाजात वाचतो की तीन दिवसांत गाव मोकळं करा. पुढे दीड पान त्याच्या काळजाला पडलेली घरं, पारव्याच्या मानेवर टेकलेलं कपाळ, रात्रीचा वारा वगैरे. गाव? गाव एक अक्षर बोलत नाही. भांडीकुंडी घेऊन निघतं. ताक पाजणारी म्हातारी कुठे गेली हे लेखकालाही विचारावंसं वाटलेलं नाही. ताक पिऊन गाव उठवलं आणि रडलाही हाच! वाचक याच्यावर जीव टाकतात म्हणे. मी नाही टाकत.

आता तुझ्या घरी येऊ. अण्णांना पसंत नव्हतं, हे तुला कसं कळलं? त्यांनी सुनेला समोर बसवून सांगितलं का, की तू कोल्हापूरला जायचं नाहीस? मला नाही वाटत. मोजकं बोलणारी माणसं असं काही बोलत नाहीत, त्यांना बोलावंच लागत नाही. बहुधा जेवताना विषय निघाला, अण्णांनी ताटातली भाकरी बाजूला सारली किंवा चष्मा काढून पुसला, आणि तू तेवढ्यावर सगळं ओळखलंस. मग रात्री ती ओटा आवरत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास आणि मऊ आवाजात बोललास. कदाचित 'मलाही वाईट वाटतंय गं' हेही म्हणालास. तिच्यापर्यंत नकार पोचला तो तुझ्या तोंडून, तुझ्या प्रेमळ शब्दांत. भांडायचं तर कुणाशी? अण्णांनी तिला काही म्हटलेलंच नाही, आणि तू तर बिचारा.

चेहरे वाचायची ही विद्या तू कुठे शिकलास ते मला कळतं. आठव्या वर्षी स्वतःचं घर सोडून दुसऱ्या घरात आलेला पोरगा पावलांच्या आवाजावरून घरधन्याचा राग ओळखायला शिकतो. आपण इथे राहण्यालायक आहोत हे त्याला रोज सिद्ध करावंसं वाटतं, कुणी मागितलं नसलं तरी. त्या आठ वर्षांच्या मुलाला मी जवळ घेऊन बसेन, त्याला हवं तेवढा वेळ. पण सदतिसाव्या वर्षी तीच विद्या तू बायकोवर वापरतोयस, आणि तिथे माझी माया आटते.

पेढीवर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, करताना हमाली आणि तोलाई कुणाच्या अंगावर पडते हे तुला झोपेतही सांगता येईल. मग तुझ्या आज्ञाधारकपणाची हमाली घरात कोण भरतंय, हे एकदा लिहून काढ.

तुला रोमचा टायबेरियस सांगते, कारण तुझ्या अमोघचा तो थोरला भाऊ शोभेल. सम्राट ऑगस्टसचा हा सावत्र मुलगा. लढाया जिंकून द्यायचा, तक्रार करायचा नाही, आणि तरी परक्यासारखं वागवलं जायचं. बायको व्हिप्सानिया. दोघांचं चांगलं जमत होतं, एक मुलगा होता, दुसऱ्या वेळी ती गरोदर होती. ऑगस्टसला आपल्या विधवा लेकीसाठी, ज्युलियासाठी, नवरा हवा होता. हुकूम आला की बायकोला सोड आणि हिच्याशी लग्न कर. टायबेरियसने इ. स. पू. ११ मध्ये तसं केलं. सुएटोनियस नावाच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की पुढे एकदा व्हिप्सानिया त्याला रस्त्यात दिसली, तर तो डबडबलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला, इतका, की पुन्हा ती त्याच्या नजरेस पडू नये असा बंदोबस्त केला गेला.

इथपर्यंत ऐकलं की सगळे हळहळतात. मीही कॉलेजात वाचलं तेव्हा हळहळले होते. पण पुढचं ऐक. ऑगस्टसने हेरून ठेवलेले नातू एकामागून एक गेले, आणि इ. स. ४ मध्ये त्याने टायबेरियसला दत्तक घेतलं. राज्याच्या हितासाठी घेतोय, असंही वर बोलून दाखवलं. म्हणजे प्रेम नाही, सोय. इ. स. १४ मध्ये हा आज्ञाधारक वारस गादीवर बसला. व्हिप्सानियाने मधल्या काळात गॅलस नावाच्या सरदाराशी लग्न केलं होतं. त्या गॅलसला टायबेरियसने इ. स. ३० मध्ये कैदेत टाकलं, आणि तीन वर्षांनी तो तिथेच उपासमारीने मेला. ज्याने बायको सोडायला लावली तो ऑगस्टस देव म्हणून पुजला गेला. राग निघाला तो भलत्याच माणसावर, चाळीसेक वर्षं मुरून, आणि हाती सत्ता आल्यावर. व्हिप्सानियाला मधे कुणी काही विचारल्याची नोंद नाही. तुझ्या कादंबरीला पुढे जायला हीच वाट मोकळी आहे, आणि म्हणूनच तुझा हात अडतोय. बंड आणि मनपरिवर्तन यांच्या मधोमध तिसरं काय होतं ते तुला आतून ठाऊक आहे. अमोघ राजा होतो, आणि रुद्रकेतूसारखाच होतो. मऊ आवाजाचा रुद्रकेतू.

चुलत भावांचं तू सहज लिहून 'ते असो' म्हणून सोडलंस, पण भीती तिथे आहे हे दिसतं. ती अर्धी खरी आहे. विधी रीतसर झाला असेल तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार दत्तक रद्द होत नाही. अण्णांना तुला परत पाठवता येत नाही आणि तुलाही त्यांना सोडता येत नाही. मुलगा म्हणून तुझी जागा पक्की आहे, त्यासाठी रोज परीक्षा द्यायची गरज नाही. पेढीचं मात्र वेगळं. ती त्यांच्या स्वकष्टाची असेल तर दत्तक असूनही मृत्युपत्राने ते ती कुणालाही देऊ शकतात, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे गादी जाऊ शकते, हे धरूनच चाल. कौळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याला १८७५ मध्ये दत्तक गेलेले सयाजीराव १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे एकदा मुजरा करून पाठ फिरवून निघाले होते, साऱ्या हिंदुस्थानाचे डोळे त्यांच्यावर असताना. गादी इंग्रजांच्या मर्जीवर होती. नंतर खुलाशाचं पत्र धाडावं लागलं, ते काही फार शोभेचं प्रकरण नव्हतं. पण गादी राहिली, १९३९ पर्यंत राहिली.

तुला मी दरबारात पाठ फिरवायला सांगत नाही. पेढी सोडू नकोस, वेगळं बिऱ्हाड करू नकोस, अण्णांशी भांडूही नकोस. आणि देवासाठी, आता बायकोकडे जाऊन 'तू नोकरी करच' असं तिला समजावू नकोस. तेही फर्मानच होईल, फक्त मजकूर बदललेला.

एक काम कर. उद्या पेढीवर, सौदे आटोपल्यावर, दिवाणजी घरी गेले की अण्णांसमोर बस आणि सांग, 'अण्णा, जूनमध्ये तुमचा नकार मी तिच्यापर्यंत पोचवला. ते माझं चुकलं. यापुढे तिला काही सांगायचं असेल तर तुम्ही तिच्याशी बोला, मी मधे येणार नाही.' एवढंच. पुढे काही जोडू नकोस, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य मऊ करू नकोस. ते चष्मा पुसतील, पुसू देत. कदाचित गप्प बसतील आठवडाभर. कदाचित तुला कळेल की त्यांना नकार द्यायचाच नव्हता, भाकरी नुसती कडक झाली होती. कदाचित सुनेला बोलावतील आणि तोंडावर नाही म्हणतील. मग ती काय उत्तर देते ते ऐकायला तू तिथे नसलास तरी चालेल. कोल्हापूर काही सातासमुद्रापार नाही. मिरजेहून गाडी आहे, एसटी आहेत. ज्या बाईला कॉलेजात नोकरी मिळत होती, तिला सासऱ्याशी बोलता येतं.

हे झाल्याशिवाय कादंबरीला हात लावू नकोस. वाचक थांबतील. झाल्यावर एकोणिसावा भाग नव्याने लिही, आणि त्यात ताकवाली म्हातारी बोलू दे. अमोघला त्या भागात एकही संवाद नको, आणि घोडा तर अजिबात नको.

जाता जाता. तुझ्या पत्रात राजाचं नाव आहे, युवराजाचं आहे, घोड्याचंसुद्धा आहे. बायकोचं नाही. तिला मला काही कळवायचं असेल तर तिने स्वतः लिहावं. तुझ्याकरवी आलेलं तिचं पत्र मी उघडणार नाही.

ताई