मुलगी व्यावसायिक टेनिस खेळते, पण पैसा परत येत नाही : थांबायचे कधी?

खेळाडू मुलामुलींचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : एवढी वर्षे घातली, एवढा पैसा घातला, आता पुढे जायचे की थांबायचे? कुस्ती, कबड्डी, धनुर्विद्या या खेळांतील पालकही हे विचारतात. पण टेनिसमध्ये हा प्रश्न अधिक जड होऊन येतो, कारण हा खेळ व्यावसायिक म्हणून ओळखला जातो आणि तरीही तो खेळणाऱ्या बहुसंख्य मुलींचे त्यावर पोट भरत नाही, ही गोष्ट आपल्या भागात फारशी कोणाला ठाऊक नसते. वरुड तालुक्यातील एका कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांचा अनुभव येथे मांडत आहे.

रेणुका (नाव बदलले आहे) तेव्हा २४ वर्षांची होती. वडिलांचा संत्र्याचा बगीचा. मुलीचा हात चांगला आहे असे अमरावतीच्या एका प्रशिक्षकाने सांगितल्यावर आई तिला घेऊन नागपुरात खोली करून राहिली, पुढे मुलगी पुण्याच्या अकादमीत गेली, आणि या काळात दोन एकर बगीचा विकला गेला. एकेरीत तिचा जागतिक क्रमांक एकदा सहाशेच्या घरात पोहोचला होता. माझ्याकडे आली तेव्हा तो सातशेच्या पलीकडे घसरला होता. पहिल्यांदा क्रमवारीत नाव आले तेव्हा गावात चौकात फ्लेक्स लागला होता. तो उतरल्यानंतर गावाचा एकच प्रश्न उरला : टीव्हीवर कधी दिसणार? सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकावर पोहोचली होती, आणि गावाच्या दृष्टीने टेनिस म्हणजे तेवढेच होते.

वडील पहिल्या भेटीत म्हणाले, "मॅडम, पोरगी मेहनत करते, खोटं नाही बोलत मी. पण हरूनच येते. थांब म्हणावं तर तिचं मन मोडन, आन् खेळ म्हणावं तर उरला बगीचाही जाईन." रेणुकाला मी वेगळे भेटले. ती बराच वेळ सरावाविषयी बोलली, प्रशिक्षकाविषयी बोलली, आणि शेवटी म्हणाली, "बाबांनी वावर विकलं. आता मी थांबले, तर ते विकलं कशासाठी?" दोघेही थांबण्याचा विचार करत होते आणि दोघेही तो एकमेकांपासून लपवत होते. अशा घरांत मला हे इतक्या वेळा दिसते की खर्चाच्या आकड्यांआधी मी नेहमी हेच तपासते.

त्याआधी मात्र एक काम करावे लागते. झोप, भूक, स्वतःला इजा करण्याचे विचार, यांची सरळ विचारपूस मी पहिल्याच भेटीत केली. तसे विचार नव्हते. झोप मात्र बिघडली होती, आणि तिचे कारण घरात कोणालाच माहीत नव्हते. सामना हरल्यावर थोड्याच वेळात तिच्या इन्स्टाग्रामवर अनोळखी खात्यांवरून अर्वाच्य शिव्या येत, कधी धमक्याही. लहानातल्या लहान स्पर्धेतील सामन्यांवरही परदेशी संकेतस्थळांवर पैजा लागतात आणि पैज हरलेला माणूस आपला राग खेळाडूवर काढतो. डब्ल्यूटीए ही महिला टेनिसची जागतिक संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ या वर्षाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात ४५८ खेळाडूंना असे संदेश आल्याचे आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के संदेश चिडलेल्या पैजबाजांचे असल्याचे नोंदवले आहे. रेणुकाला वाटत होते की हे केवळ तिच्याच वाट्याला येते, कारण ती वाईट खेळते. आम्ही संदेशांची सोय बंद केली, आलेल्या धमक्या जपून ठेवून महासंघाकडे कळवल्या, आणि सामन्यानंतरचे काही तास फोन दुहेरीच्या जोडीदारणीकडे द्यायचे ठरवले. झोप पुष्कळ सुधारली. रात्री-बेरात्री मनावरचा ताण असह्य होत असेल त्यांनी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक जवळ ठेवावा. तो विनाशुल्क आहे.

त्यानंतर आम्ही हिशेबाला बसलो, आणि या वेळी आई-वडील दोघेही सोबत होते.

महिलांच्या सर्वांत खालच्या स्तरावरील आंतरराष्ट्रीय स्पर्धेला डब्ल्यू १५ म्हणतात. तिची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते. ऐकणाऱ्याला ती मोठी वाटते, पण ती एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत वाटली जाते, आणि मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या मुलीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे साधारण बारा-तेरा हजार रुपये, तेही कर कापण्याआधी. ट्युनिशियातील मोनास्तिर, इजिप्तमधील शर्म अल-शेख, तुर्कस्तानातील अंताल्या येथे अशा स्पर्धा जवळजवळ दर आठवड्याला होतात, म्हणून मुली तेथे तीन-चार आठवडे मुक्काम ठोकतात. विमान, हॉटेल, जेवण, गटिंग (रॅकेटची जाळी नव्याने विणून घेणे), कपडे धुणे, व्हिसा हा सारा खर्च आपला, आणि प्रशिक्षक सोबत नेला तर त्याचाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वतःच २०१३ च्या आकड्यांवरून काढले होते की प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही एका महिला खेळाडूला वर्षाला सरासरी ४० हजार डॉलरच्या वर लागतात, आणि मिळकत व खर्च बरोबरीत येण्यासाठी तिला जगात २५३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचावे लागते. ग्रँड स्लॅम म्हणजे वर्षातील चार सर्वांत मोठ्या स्पर्धा; त्यांच्या पात्रता फेरीत प्रवेशही साधारण याच टप्प्यावर, सव्वादोनशे ते अडीचशेच्या आत, मिळतो, आणि खरा पैसा तेथूनच सुरू होतो. रेणुका या रेषेपासून साडेचारशे जागा दूर होती.

आईने एक प्रश्न विचारला, जो तिने मुलीला कधी विचारला नव्हता : "ही घरी बसली होती, एकही मॅच हरली नाही, तरी नंबर कसा काय खाली गेला?" घोटा मुरगळल्यामुळे रेणुका दोन महिने खेळली नव्हती. जागतिक क्रमवारीत गुण ५२ आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण यंदा त्याच आठवड्यात वजा होतात आणि त्यांच्या जागी नवे मिळवावे लागतात. नव्या रचनेत डब्ल्यू १५ जिंकणारीला १५ आणि त्यावरच्या स्तराची डब्ल्यू ३५ जिंकणारीला ३५ गुण मिळतात, पण जिंकते ती एकच. इतर मुली एकेक-दोन गुणांसाठी आठवडाभर घाम गाळतात. आईचा चेहरा तेव्हा बदलला. इतकी वर्षे तिला वाटत होते की मुलगी काहीतरी लपवते आहे.

वडील मात्र अजून त्यांच्याच वाक्यावर अडलेले होते : हरूनच येते. तेव्हा मी त्यांना विचारले, "भाऊ, मागच्या वर्षी अंबिया बहाराला फळगळ झाली आणि व्यापाऱ्याने भाव पाडून बगीचा घेतला. त्या वर्षी तुम्ही वाईट शेतकरी झालात का?" ते लगेच म्हणाले, "भाव माह्या हातात थोडीच हाय?" आणि गप्प झाले. माझे म्हणणे एवढेच होते की काम उत्तम असूनही धंदा तोट्यात जाऊ शकतो, हे वरुड-मोर्शीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र तो तोट्यावरून तिची लायकी ठरवतो. जगात सातशेव्या क्रमांकाची डॉक्टर किंवा वकील असती तर तिच्या घरी अशी चिंता नसती. ऋतुजा भोसले एकेरीत पहिल्या शंभरात कधीच नव्हती, तरी २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. क्रमांक त्या वर्षाचा बाजार सांगतो, खेळाडू किती तयार आहे ते पूर्णपणे सांगत नाही.

पण याचा अर्थ खर्च चालू ठेवावा असा होत नाही. ती चांगली खेळाडू आहे का, आणि हे कुटुंबाला परवडते का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर 'होय' आले तरी दुसऱ्याचे 'नाही' असू शकते, आणि रेणुकाच्या घरी तसेच होते.

त्याच बैठकीत तिने विकलेल्या दोन एकरांचा विषय स्वतः काढला. वडील चिडलेच : "मी कधी म्हटलं तुले, पैसे वापस कर म्हणून? तुह्या शिक्षणाले घातले, ते गेले. इंजिनिअर पोट्ट्याले कोणी वापस मागते का?" हे वाक्य ऐकायला तिला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर आपल्या घरांतील बाप-लेकीच्या बोलण्याच्या रीतीत आहे. गेलेला पैसा निर्णयातून वजा झाला की उरतो फक्त पुढचा पैसा आणि पुढची वर्षे, आणि त्यांच्याविषयी माणसाला शांतपणे बोलता येते.

निर्णय रेणुकाने घेतला. मी त्यात फक्त दोन आग्रह धरले. एक, थांबण्याची तारीख आणि खर्चाची रक्कम आधी कागदावर लिहावी, आणि हरल्याच्या आठवड्यात त्या कागदाला हात लावू नये. दुसरे, 'अमुक क्रमांक गाठला तरच पुढे' अशी अट घालू नये, कारण पहिल्याच फेरीत अग्रमानांकित खेळाडू समोर येणे न येणे हा सोडतीचा भाग आहे. तिने आणखी एक हंगाम घेतला : पुणे, सोलापूर, नवी मुंबई येथील देशातल्या स्पर्धा, परदेशात एकच मुक्काम, तोही दोघी मैत्रिणींनी खोली वाटून घेऊन, आणि दुहेरीवर भर. वडिलांनी त्यासाठी बहाराच्या पैशातून ठरलेली रक्कम वेगळी काढली आणि कर्ज न काढण्याचे कबूल केले. हंगामभर ती पूर्वीपेक्षा मोकळी खेळली. क्रमांकात फार फरक पडला नाही.

दरम्यान तिने दुसरी बाजूही उभी केली, आणि पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे असे मला वाटते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाची तिने चौकशी केली. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र कोणत्या पदासाठी ग्राह्य धरले जाते, हे खेळत असतानाच विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात विचारून घ्यावे लागते. अनेक मुली केवळ व्यावसायिक स्पर्धांमागे धावतात, राष्ट्रीय स्पर्धा सोडतात, आणि पंचविशीनंतर पडताळणीच्या खिडकीवर रिकाम्या हाती उभ्या राहतात.

लग्नाचा विषय वडिलांनी शेवटच्या भेटीत काढला. नातेवाइकांचा तगादा होता. खेळ थांबवण्याचे कारण म्हणून तो पुढे करू नये, एवढेच मी सांगितले. बाकी तो रेणुकाचा विषय आहे.

ठरलेल्या तारखेला तिने एकेरी थांबवली. आता ती नागपुरात एका अकादमीत लहान मुलींना शिकवते, मोठ्या खेळाडूंना सरावासाठी जोडीदार म्हणून खेळते, आणि राज्यात स्पर्धा आली तर स्वतःच्या कमाईतून दुहेरीसाठी नाव देते. वडिलांनी मागच्या महिन्यात फोन करून विचारले की तिच्या हाताखालच्या एका मुलीच्या बापाला माझा नंबर दिला तर चालेल का. त्याला हिवरखेडजवळचे तीन एकर विकायचे आहेत. मी म्हटले, विकण्याआधी येऊ द्या.