बोटीच्या आत बसवलेल्या (इनबोर्ड) इंजिनाच्या सायलेन्सरमधून पाणी येतंय, तरी इंजिन का तापतं?

तुम्ही लिहिलंय की बंदरातून निघताना टेंपरेचरचा काटा जागेवर असतो, फुल रेस दिली की चढायला लागतो. मागून पाणी मात्र पडत असतं, म्हणून तांडेल म्हणतात कूलिंग ठीक आहे. पण मागून पाणी पडतंय याचा अर्थ एवढाच, की पंप काहीतरी पाणी ढकलतोय. ते पुरेसं आहे का आणि इंजिनाची उष्णता त्यात उतरते का, हे नुसती धार बघून ठरत नाही.

तुमच्या वर्णनावरून इंजिन हीट एक्स्चेंजरचं दिसतंय. अशा इंजिनात पाण्याचे दोन फेरे असतात. आतला फेरा बंद: गोडं पाणी आणि कूलंट, ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे उघडझाप करणारा व्हॉल्व्ह), हीट एक्स्चेंजर आणि परत ब्लॉक. बाहेरचा फेरा खाऱ्या पाण्याचा: तळाच्या सी-कॉकमधून (पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) आत, स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), रबरी इम्पेलरचा (पात्यांच्या फिरत्या चाकाचा) पंप, बऱ्याच इंजिनांत गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, मग एक्स्चेंजरच्या बारीक नळ्या आणि शेवटी एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धुराच्या पाइपचा बाक. तिथे ते गरम धुरात मिसळून बाहेर पडतं. गाडीच्या रेडिएटरला वारा लागतो तसं इथे एक्स्चेंजरला समुद्राचं पाणी लागतं. खारं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवायचं तर इंजिन थंडच चालवावं लागतं, कारण साधारण ६० अंशांच्या पुढे क्षार आत धरायला लागतात. एक्स्चेंजर असला की आतलं पाणी बिनधास्त ८० अंशांच्या आसपास ठेवता येतं, आणि डिझेलला तेच मानवतं.

आता तुमचं कोडं. आयडलिंगला इंजिन फारशी उष्णता टाकत नाही, त्यामुळे अर्धवट प्रवाहही पुरतो. फुल रेसला उष्णता कितीतरी पटींनी वाढते आणि मग कमतरता उघडी पडते. म्हणून रेसवर तापणाऱ्या इंजिनात मी आधी खारा फेरा तपासतो, तोही पाणी जातं त्याच क्रमाने.

सुरुवात स्ट्रेनरपासून. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतून जाणाऱ्या बोटींना प्लॅस्टिकची पिशवी सी-कॉकच्या तोंडाशी चिकटणं नवीन नाही. पण जाळी स्वच्छ दिसली तरी झाकणाचा रबर वॉशर बघा. तो कडक झाला असेल तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो. झाकण पारदर्शक असेल तर रेस वाढवल्यावर आत बुडबुडे धावताना दिसतात.

मग इम्पेलर. सी-कॉक बंद करून पंपाचं झाकण उघडलं की मी आधी पाती मोजतो. एक जरी कमी असली तरी नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेलं पातं पाण्याबरोबर पुढे जातं आणि ऑइल कूलरच्या किंवा एक्स्चेंजरच्या तोंडाशी आडवं बसतं. ते शोधून काढेपर्यंत इंजिन तापतच राहणार. पाती सगळी असली तरी मुळाशी वाकवून बघा. चीर दिसली तर बदला. झाकणाच्या आतल्या बाजूला खोल चरे पडले असतील तरीही प्रवाह कमी होतो. आणि हा पंप कोरडा चालवू नका. पाण्यावाचून रबर बघता बघता जळतं.

त्यापुढे एक्स्चेंजरच्या नळ्या आणि एल्बो. एल्बोत काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर बसतो. तो बाहेरून दिसत नाही, खोलूनच बघावा लागतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर असते, तेव्हाच हे काम करून घ्या आणि एक्स्चेंजरमधली झिंकची कांडी निम्मी झिजली असेल तर बदला. ती संपली की गंज नळ्यांनाच खायला लागतो.

दोन फेऱ्यांपैकी दोषी कोणता, हे ओळखायची खूण सांगतो. मागून वाफ येतेय, एक्झॉस्टचा होज हाताला चटका देतोय, तर खारं पाणी कमी आहे. धार भरपूर, होज गार, तरी काटा वर, तर दोष आतल्या फेऱ्यात किंवा क्षार बसलेल्या नळ्यांत: कूलंट कमी, थर्मोस्टॅट अडकलेला, आतल्या फेऱ्याच्या पंपाचा पट्टा ढिला. कूलंट फारच उतरलं आणि सेन्सर उघडा पडला तर काटा उलट कमी दाखवू शकतो, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका. पातळी बघायची ती इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना टाकीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. इंजिन चालू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारायची वेळ आली तर आधी सी-कॉक बंद करा. पंप फिरतो, पाणी एक्झॉस्टमध्ये साठत जातं, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. शेवटी ते सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन लागलं की मात्र त्याच क्षणी सी-कॉक उघडा.