त्यांच्या पोटाकडे आधी लक्ष दिलं असतं तर पार्किन्सन टळला असता का?

साठीच्या एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), बसल्या बसल्याच म्हणाल्या मॅडम ह्यांना कितीतरी वर्षं बद्धकोष्ठता होती, मी कधी मनावर घेतलं नाही, आता पार्किन्सन (कंपवात) निघाला म्हणजे माझ्यामुळेच ना. पार्किन्सन आतड्यातून सुरू होतो असा एक व्हिडिओ त्यांनी बघितला होता, तेव्हापासून झोप नाही.

घरच्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. व्हिडिओ अगदीच खोटा नाहीये. २००३ साली हाइको ब्राक ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की हा आजार काही जणांत आतड्यातल्या नसांपासून सुरू होऊन व्हेगस नर्व्हच्या (पोट आणि मेंदूला जोडणारी नस) वाटेने मेंदूकडे जात असावा. कंप सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठता असू शकते हेही खरं. पण ती आजाराची आधीची खूण असू शकते, तिच्यामुळे आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होतच नाही. तेवढ्यावरून तेव्हा डॉक्टरांनाही काही ओळखता आलं नसतं, मग ताईंना कुठून कळणार होतं! हे ऐकून त्या खूप रडल्या, मी रडू दिलं.

मग पर्समधून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या निघाल्या, व्हिटॅमिन ई वगैरे, स्वतःच आणलेल्या. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन वापरतो २० टक्के, त्यामुळे तिथे ऑक्सिडेशनचं नुकसानही जास्त, म्हणून ते रोखायला अँटिऑक्सिडंट घ्यायची कल्पना कुणालाही पटते. पण पार्किन्सनच्या ८०० पेशंटवर ट्रायल झाली, व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट, १९९३ ला रिझल्ट आले, आजार वाढायचा थांबला नाही. उलट काका, म्हणजे ताईंचे यजमान, रक्त पातळ करायची गोळी घेत होते आणि तिच्यासोबत ई चा मोठा डोस म्हणजे रक्तस्रावाचा धोका, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला लावला.

भाज्या, फळं, डाळींचं मात्र वेगळं. त्यातले पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली नैसर्गिक रसायनं) बरेचसे मोठ्या आतड्यापर्यंत जातात, तिथले जिवाणू ते मोडतात, फायबरपासून ब्युटिरेट बनवतात जे आतड्याच्या अस्तराला पोसतं. ह्याने मेंदूचा आजार रोखला जातो असं मी कुणाला सांगत नाही, पण पोट साफ राहणं हीसुद्धा ह्या पेशंटसाठी फार मोठी गोष्ट आहे.

पुढच्या वेळी काकांनाही बोलावलं. ते म्हणाले मला आता जेवायला बसायचीच भीती वाटते, ही प्रत्येक घास मोजते. ताईंना हे माहीतच नव्हतं. दोघांनी ठरवलं की जेवताना आजाराचा विषय काढायचा नाही, काकांना आवडणारा एक पदार्थ रोज करायचा, आणि प्रोटीनमुळे लेवोडोपाचा (पार्किन्सनचं औषध) असर कमी होऊ शकतो म्हणून जेवण आणि गोळीची वेळ न्यूरोलॉजिस्टना विचारून कागदावर लिहून ठेवायची, ते विचारायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं.